सबार गप्प, डोळे उघडे

क्लातेन, जावा,
सोमवार, दुपार

आदरणीय म्बाक विनार्सी,

नणंदबाईंना तुमच्या भावजयीचा सलाम. आईंच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून त्यांनाही माझा सलाम सांगा, आणि तो डाव्या कानात सांगा, कारण उजव्या कानाने त्यांना फक्त सोयीचं तेवढंच ऐकू येतं. तुमच्या पायाची सूज उतरली का? आलं आणि गवती चहाचा काढा बंद करू नका. कडू लागतो म्हणून तुम्ही तो कुंडीत ओतता, हे आईंनी मला सांगितलं आहे. मी बरी आहे. मांजरीला पिल्लं झाली. तिने जागा निवडली तुमच्या भावाच्या चपलांच्या खोक्याची. ते खोकं रिकामं करायचं मी तीन वर्षं पुढे ढकलत होते, आता पिल्लं मोठी होईपर्यंत तरी कुणी मला त्याबद्दल विचारणार नाही.

शुक्रवारी फोनवर तुम्ही म्हणालात की आईंच्या छातीच्या तपासण्या सुरू झाल्या आहेत, आणि लगेच पुढे म्हणालात, "तू काळजी करू नकोस सुपाद्मी, सगळं एकत्र हातात आलं की मी एकदम सांगते." ते वाक्य मी जरा बाजूला ठेवलं आहे, त्याच्याकडे परत येईन. आधी काल स्पर्धेच्या मैदानात काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापर्यंत जे पोचलं त्यातलं अर्धं चुकीचं आहे आणि उरलेलं अर्धं आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, पाक कार्तुबींनी, सांगितलेलं आहे.

गाणाऱ्या होल्यांच्या मंडळाचं इंटरनेटवरचं ते पान तुमच्या भावाने बांधलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याची गंमत त्यांनी तुम्हाला कधी सांगितली की नाही, कोण जाणे. (मला सांगायचे, आणि मी तेव्हा भाजी निवडत असायची.) मैदानात पिंजरे उंच बांबूंवर चढतात, पंच खाली डोळे मिटून फिरतात, आणि कुठल्या होल्याने काय म्हटलं ते खुणेने टेबलाशी बसलेल्या माणसाला सांगतात. तो माणूस ओळ टंकतो. आता साधं पान असतं तर सगळं टंकून झाल्यावर ते एकदाच दिसलं असतं. तुमच्या भावाचं पान तसं नाही. ओळ टंकली की ती निघाली. जिथे जिथे पान उघडं असेल तिथे ती उमटते, आणि पुढची ओळ यायची असते म्हणून पान तसंच उघडं राहतं. याला स्ट्रीमिंग म्हणतात. त्यांच्या एका जाड पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे आणि समासात पेन्सिलीने लिहिलं आहे, 'हे सुपाद्मीला दाखवायचं.' दाखवायचं राहिलं. पहिलं वर्ष मी ती पुस्तकं नुसती पुसून परत ठेवायची. मग एकदा पुसता पुसता एक उघडलं, आणि आता टेबलाशी बसून ओळी टंकणारा माणूस मी आहे.

आपला सबार म्हातारा झाला. त्याचं एक नख वाकडं झालंय, आणि सकाळी तो आधी खाकरतो मग गातो, म्हणून मंडळाने ठरवलं की यंदाची स्पर्धा त्याची शेवटची. हे कळल्यावर आईंनी अंथरुणातून फर्मान काढलं, तुमच्यासमोरच काढलं असेल, की माझ्या लेकाचा होला शेवटचा गाणार आहे तर मला ओळ न् ओळ पाहिजे, आणि ती आली तशी पाहिजे. दुसऱ्या दिवशीची, निवडलेली, गोड केलेली नको. विनार्सी वाचेल, मी ऐकेन. म्हणून मी आठवडाभर आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरची मनधरणी करत होते.

या वर्षी एक नवीन भर होती. पाक कार्तुबींची सून रेत्नानिंग सोलोच्या एका कचेरीत सर्व्हर सांभाळते. गेल्या वर्षी बाहेरून फार लोक आले आणि आमचा कॉम्प्युटर बसल्या जागी मान टाकून पडला, म्हणून तिने त्याच्या पुढे एक दारवान बसवून दिला. तिच्या भाषेत रिव्हर्स प्रॉक्सी. बाहेरचा प्रत्येक जण आता दारवानाशी बोलतो, दारवान आत जाऊन आमच्या कॉम्प्युटरला विचारतो, आणि उत्तर बाहेर आणून देतो. फार सभ्य व्यवस्था आहे. आमचा कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत तुमच्या भावाच्या निळ्या शर्टाखाली (धूळ बसू नये म्हणून) निवांत असतो आणि जगाला त्याचं तोंड दिसत नाही. मी घरी सगळं तपासून पाहिलं, ओळी भराभर उमटल्या. उमटणारच. मी दारवानाला वळसा घालून थेट आतल्या खोलीत बोलत होते. चुलीजवळ बसून जेवणाऱ्याला पंगतीत वाढप कसं चाललंय ते काय कळणार? पण हे शहाणपण आजचं. काल सकाळी मी साखर कारखान्यामागच्या मैदानावर पोचले तेव्हा मला माझाच अभिमान वाटत होता.

आता त्या फोनचं सांगते. तुमच्या भावाने माझ्या फोनला घंटा म्हणून सबारचा आवाज लावून दिला होता, ऐन तारुण्यातला, ज्या वर्षी तो जिंकला त्या वर्षीचा. मी ती घंटा बदललेली नाही आणि मैदानात फोन गप्प करायचा हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण मला फोन करतं कोण? एक तुम्ही आणि दुसरा बोयोलालीचा एक कोंबडीवाला, त्याला कुणीतरी माझा नंबर चुकून दिला आहे. पहिली फेरी सुरू झाली, सबार बऱ्यापैकी गायला, मी मन लावून टंकत होते. आणि तिकडे मादियूनला तुम्ही कोऱ्या पडद्यासमोर बसला होता. एक ओळ नाही. तुम्ही थोडा वेळ थांबलात, आईंनी थांबू दिलं तितका, आणि मग फोन केलात.

म्बाक, माझ्या पिशवीत केळीच्या पानात बांधलेला भात होता आणि त्याच्याखाली फोन. भाताखालून तो आवाज असा काही भरीव आला की खऱ्या सबारनेही कधी काढला नसेल. पंच पाक मेर्तादी पाठमोरे उभे होते, डोळे मिटून. त्यांचे दोन्ही हात वर गेले. "आला! म्हातारा रंगात आला!" असं म्हणत ते अक्षरशः धावले आणि त्यांनी सबारच्या बांबूला सगळ्यात वरच्या दर्जाचं निशाण लावून टाकलं. वर सबार मान वाकडी करून खाली बघत होता, आपल्यासारखं कोण बोलतंय म्हणून.

"पाक मेर्तादी," अध्यक्ष म्हणाले, "होला वर आहे. आवाज खालून येतोय."

"चांगला आवाज सगळीकडून येतो," पाक मेर्तादी म्हणाले. त्यांनी डोळे उघडलेच नव्हते.

तुम्ही फोन ठेवला असता तर हे असंच खपून गेलं असतं. पण तुम्ही चिवट. घंटेची दुसरी फेरी सुरू झाली, तीच लांबी, तीच तान, आणि शेवटी टेपमध्ये तुमच्या भावाचं ते "वा, बेटा!" कुठलाही होला स्वतःला वा बेटा म्हणत नाही. मी टेबलाखाली शिरून भातासकट फोनवर बसले.

आमच्या मंडळाचा नियम असा की मैदानात टेपचा आवाज लागला तर त्या मालकाचा पक्षी त्या फेरीपुरता खाली उतरवायचा. "नियम म्हणजे नियम, बू सुपाद्मी," पाक कार्तुबी म्हणाले, "मी स्वतः लिहिलाय." (कुणामुळे लिहावा लागला हे मंडळात कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांना तर नक्कीच.) सबारचा पिंजरा दोरीने खाली आला. मी फोनची घंटा बंद केली आणि लाज गिळून जे घडलं ते टंकलं. फेरी संपली. आणि नेमकं तेव्हा, त्याआधी नाही, ते सगळं पान एकदम तुमच्या पडद्यावर आदळलं, आणि पान नेहमी शेवटच्या ओळींवर जाऊन थांबतं म्हणून तुम्हाला दिसलं ते एवढंच: सबार गप्प. सबार गप्प. सबारला खाली घेतलं.

तुम्ही ते मोठ्याने वाचलंत. तुमचा काय दोष, वाचायलाच बसला होता. मग तुमचा फोन परत आला, या वेळी नुसता उजेड पडला, मी दोरीबाहेर शेंगा उकडणाऱ्या बाईच्या गाडीमागे जाऊन तो घेतला, आणि पलीकडे तुम्ही नव्हता, आई होत्या. त्यांनी विचारलं, "सुपाद्मी, हाही तसाच गेला का गं?"

मी म्हटलं, "नाही आई. जिवंत आहे. त्याला शिक्षा झालीय."

"कशाची?"

"गाण्याची."

मग आई म्हणाल्या, "बापावर गेलाय," आणि फोन तुमच्या हातात दिला. शेंगावालीने मला न मागता पुडी दिली. माझा चेहरा तसा झाला असावा.

रेत्नानिंग तिथेच होती, कडेवर बाळ, दुसऱ्या हातात लॅपटॉप. पाक कार्तुबी तिच्यावर घसरले, "तुझ्या त्या दारवानाने काय घोळ घातलाय?" ती म्हणाली, "बाबा, तो घोळ घालत नाही, काम करतोय. तेच तर झालंय." आणि तिने मला जे सांगितलं ते मी माझ्या पद्धतीने तुम्हाला सांगते. आपल्याकडच्या लग्नात वाढप कसं होतं ते डोळ्यांसमोर आणा. पाहुणे खुर्च्यांवर, आणि पोरं तबकं घेऊन रांगेने येतात. स्वयंपाकघराच्या दाराशी एक जाणता माणूस उभा असतो. तो सूपची एक वाटी कधी बाहेर सोडत नाही. तबक भरलं, किंवा आतून आचारीण ओरडली की संपलं, की मगच तबक निघतं. हे शहाणपणाचं आहे. आचारीण वाट्या दारात ठेवून मोकळी होते आणि पुढच्या पातेल्याकडे वळते. बाहेर कुणी म्हातारबुवा फुंकर मारत अर्धा तास सूप पीत बसले तरी तिला त्याची झळ नाही. यालाच बफरिंग म्हणतात. फक्त मी आतून वाटीसुद्धा पाठवत नव्हते. मी एक एक वाटाणा पाठवत होते. दारवान बिचारा ते वाटाणे तबकात जमवत उभा, तबक काही भरेना, आणि फेरी संपल्यावर, स्वयंपाक आटोपला असं समजून, त्याने सगळे वाटाणे एकदम नेऊन आईंच्या पुढ्यात ओतले.

"मग काढून टाक ना ते तबक!" मी आणि पाक कार्तुबी एकाच वेळी म्हणालो. आमचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

"सगळीकडचं नको काढायला, बू," रेत्नानिंग म्हणाली. पण सासरा आणि विधवा एका बाजूला असल्यावर ती तरी काय करणार? तिने काढलं.

दुसऱ्या फेरीत तुमच्याकडे ओळी आल्या. आल्या तशा आल्या, तुम्ही तसं कळवलंतही. मी खुशीत. एवढ्यात फेरीचे फोटो पानावर चढले आणि मैदानातल्या सगळ्यांनी ते एकदम उघडले. सगळ्यांचे फोन त्या एकाच टॉवरला लटकलेले, म्हणजे सगळेच फुंकर मारत पिणारे. तबक नाही, त्यामुळे आमच्या कॉम्प्युटरमधल्या मोजक्या आचारणी एक एक वाटी घेऊन स्वतः बाहेर गेल्या आणि पाहुण्याचं संपेपर्यंत त्याच्या खुर्चीशी ताटकळत उभ्या राहिल्या. आत चुलीवर कुणीच नाही. पाक कार्तुबींचा पाहुण्यांसोबतचा फोटो टोपी आली, भुवया आल्या आणि तिथेच थांबला. पाक मेर्तादी तो बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष, इतका चांगला फोटो तुमचा आजवर आला नव्हता." मग मात्र अध्यक्षांनीच सुनेला सांगितलं, तुला वाटतं तसं कर बाई. तिने फोटोंना आणि निकालांना तबक परत दिलं. फक्त ओळींच्या त्या एका पानाला बिनतबकाची वाट ठेवली. हेच ती आधीपासून सांगत होती.

एवढ्यावर संपेल असं मला वाटलं. पण सबार रुसला. पिंजरा परत वर गेला तरी तिसऱ्या फेरीत त्याने चोच उघडली नाही, आणि तो गात नाही म्हणून मी टंकत नव्हते, आणि मी टंकत नाही म्हणून दारवानाला आतून काही ऐकू येईना. थोडा वेळ वाट बघून त्याने ठरवलं की आतली माणसं गेली, आणि दार लावून घेतलं. तुमचं पान मेलं. तुमच्या फोनचा परत उजेड पडला.

"बू," रेत्नानिंग म्हणाली, "सांगण्यासारखं काही नसलं तरी मधूनमधून काहीतरी पाठवत राहा. नाहीतर त्याला वाटतं आत कुणी उरलं नाही. न दिसणारा ठिपका पाठवायची सोय आहे, मी लावून देते."

तिने ती लावलीही. पण आईंनी न दिसणारा ठिपका कसा वाचावा? म्हणून मी जे दिसत होतं ते टंकू लागले. सबार गप्प, डोळे उघडे. सबार गप्प, चोच पिसांत. सबार गप्प, ढगाकडे बघतोय. सबार गप्प, शेजारच्या होल्याकडे पाठ. तुम्ही मला नंतर सांगितलंत की या ओळींना आई जितक्या हसल्या तितक्या गाण्याच्या ओळींनीही खुलल्या नसत्या, आणि "शेजारच्याकडे पाठ" हे त्यांनी तुमच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

शेवटच्या फेरीत तो गायला. एकदाच. आधी खाकरला, मग: सुरुवातीचा स्वर लांब, मधला जरासा फाटलेला, शेवट गोल. पाक मेर्तादींनी या वेळी डोळे उघडून, वर बघून, खात्री करून साधंसं निशाण लावलं. मी ओळ टंकली आणि माझा हात टेबलावरून खाली यायच्या आत तुमचा निरोप आला, 'आई म्हणतात, ऐकलं.' सबार शेवटून दुसरा आला. शेवटचा कुणाचा होला आला ते मी लिहीत नाही, कारण नियम त्यांनी लिहिलेले आहेत.

बाकी इकडे सर्व ठीक. पिल्लांचे डोळे उघडले की एक तुमच्यासाठी ठेवते. आईंना औषध मधातून द्या, साखरेतून नको. लोभ आहेच, तो काढ्यासारखा कुंडीत ओतू नका.

तुमची भावजय,
सुपाद्मी

ता. क. बाजूला ठेवलेल्या वाक्याकडे येते. सुराबायाच्या इस्पितळात तुमचे भाऊ होते आणि आत फक्त तुम्हाला सोडत होते, तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होता, पक्कं काही कळलं की एकदम सांगते. प्रेमाने म्हणाला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मग एके दिवशी एका फोनमध्ये सगळं आलं. नळी लावली, थोडं बरं वाटलं, परत बिघडलं, गेले. त्याच फोनमध्ये हेही आलं की मधल्या एका सकाळी त्यांनी वाटीभर पेज संपवली होती, नर्सवर चिडले होते आणि सबारला दाणे घातले का, असं विचारलं होतं. म्बाक, वाईट बातमी कशीही आली असती तरी वाईटच होती. पण ती पेजेची सकाळ चांगली होती, आणि मला ती ते गेल्यावर मिळाली. तबकात चांगल्या वाट्याही अडकून पडतात.

ता. क. २. म्हणून हे पत्र. आईंच्या तपासण्यांचं जमवू नका. जे येईल ते, येईल तसं, अर्धवट, चुकीचं, उद्या बदलणारं, पाठवत राहा. मी काय करायचं ते मी बघेन. आणि ज्या दिवशी काहीच आलं नसेल त्या दिवशीही एक ओळ टाका. आई गप्प, डोळे उघडे. आई गप्प, तुमच्याकडे पाठ. एवढी पुरे. नाहीतर मला वाटतं आत कुणी उरलं नाही.

ता. क. ३. हे सगळं एवढं लांब लिहून पाकिटात बंद करून तुम्हाला एकदम पाठवते आहे, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. हसू नका. आणि फोनची घंटा मी परत सुरू केली आहे. तुमचा फोन आला की सबार तरुणपणीचा गातो आणि शेवटी तुमचे भाऊ "वा, बेटा" म्हणतात, तेव्हा वेळीअवेळी करा. फक्त स्पर्धेच्या रविवारी करू नका.